प्राचीन यहुदी धार्मिक हस्तलिखितांचे पदवी स्तरावरील अध्यापन : बेने इस्राएल साधनांच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन यहुदी हस्तलिखिते हा विषय शहाड-कल्याण परिसरातील विद्यार्थ्यांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः जवळच ठाण्यात इ.स. १८७९ मध्ये स्थापन झालेले बेने इस्राएल समाजाचे ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग आहे. कोकणात स्थिरावलेल्या या समाजाची मातृभाषा मराठी. त्याच्या मराठी साधनांतून हा विषय कसा शिकवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हस्तलिखिताचे स्वरूप :
सिनेगॉगमधील पठणासाठी तोरा चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानेच लिहिली जाते. तीत स्वरचिन्हे नसतात. त्यामुळे लेखी संहितेस मौखिक पठणपरंपरेची जोड अपरिहार्य ठरते. इ.स. ७ व्या ते १० व्या शतकांच्या सुमारास मासोरेती पंडितांनी ग्रंथरूप प्रतींत स्वरचिन्हे घातली. मोडी शिकलेल्या विद्यार्थ्यास ही अडचण सहज उमगते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, शब्दही सुटे लिहिले जात नाहीत; वाचक संदर्भाने अर्थ लावतो.

संहितेची तुलना :
इ.स. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरान येथे मिळालेली यशयाची गुंडाळी सुमारे ७.३ मीटर लांब असून तीत ५४ स्तंभ आहेत. हिब्रू बायबलची संपूर्ण अशी ज्ञात सर्वांत जुनी कालांकित प्रत, लेनिनग्राड प्रत, इ.स. १००८ ची आहे. दोहोंत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. शुद्धलेखन व शब्दयोजना यांत भेद अनेक आहेत. ग्रंथ मात्र तोच आहे. परंपरा शब्द जपते आणि बदलतेही, हे येथे प्रत्यक्ष दाखविता येते.

मराठी साधने :
डॉ. जॉन विल्सन यांनी इ.स. १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचला जाणारा हागादा इ.स. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाला. इ.स. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. ही मुद्रिते प्राचीन नव्हेत. परंतु प्राचीन संहिता मराठी घरात कशी समजली गेली, याचा तो पुरावा आहे. मूळ हिब्रू शब्दास कोणता मराठी प्रतिशब्द योजला आणि का, हा प्रश्न मराठी व इतिहास या दोन्ही विभागांना एकत्र आणू शकेल.

मर्यादा व समारोप :
तोरेची गुंडाळी हा प्रात्यक्षिकाचा नमुना नव्हे; जीर्ण झाल्यावर तिचे आदरपूर्वक दफन केले जाते. म्हणून वर्गात अंकीय प्रतिमाच वापराव्यात. यशयाच्या गुंडाळीच्या प्रतिमा इस्राएल संग्रहालयाने इ.स. २०११ पासून खुल्या केल्या आहेत. मात्र या मराठी साधनांचे जाणकार थोडे उरले आहेत, कारण इ.स. १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्राएलला स्थलांतरित झाला. पुस्तक ग्रंथालयात टिकेल. त्यातील शब्दांचा घरगुती उच्चार व अर्थ सांगणारी माणसे टिकणार नाहीत. या मौखिक माहितीची नोंद समाजाच्या संमतीने विद्यार्थ्यांकडून करून घेणे, हे या अध्यापनाचे निकडीचे कार्य ठरते.