दूधभात पुरत नाही

मांजर आलं की आधी दुधाची बशी पुढे होते. पण पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. त्यांना ताजं पाणीच द्यावं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिला. म्हणून रोजचा दूधभात नको, आणि कांदा-लसणाचा रस्सा तर मुळीच नको.

बोक्यावर विशेष लक्ष ठेवा. तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, पण वाळू कोरडीच राहते. अनेकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि घरगुती उपायांत वेळ जातो. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी त्याला पशुवैद्याकडे न्या.

लसीकरण, नसबंदी, खिडक्यांना जाळी हे हवंच. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.