ओवी, डबा आणि दुसरीचा धडा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीला टेकून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर हे तालुके आहेत. भाताची खाचरं, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. इथल्या घरांतल्या कित्येक पिढ्या पोटासाठी मुंबईला गेल्या. या भागातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. आजीची उमर जात्यावर गेली, मुलगा मुंबईत डबे पोचवतो, नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे आणि पणजोबांच्या जमिनीच्या वाटण्या होऊन वाट्याला गुंठे आले आहेत. विद्यापीठांच्या दृष्टीने या घरात बघण्यासारखं काय असणार, असं वाटेल. प्रत्यक्षात अशा घरांवर गेल्या शंभरेक वर्षांत लोकसाहित्याच्या, व्यवस्थापनाच्या, शिक्षणाच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी कपाटं भरतील इतकं लिहून ठेवलं आहे. फक्त प्रत्येक जण वेगळ्या दाराने आत शिरला, आणि आत आल्यावर त्यांची एकमेकांशी फारशी गाठ पडलेली दिसत नाही.

आधी आजीकडे जाऊ. गी पॉइटवँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ 1970 च्या दशकात पुण्यात आले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर अर्थशास्त्र शिकलेल्या. मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांत ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामात दोघं असताना बायकांच्या तोंडच्या ओव्या त्यांच्या कानांवर पडू लागल्या. सभेत जी बाई दोन वाक्यं बोलायला बिचकते, ती ओवीत नवऱ्याला, सासूला, भावजयीला, प्रसंगी देवालाही सुनावते, हे त्यांनी ऐकलं आणि गोळा करायला सुरुवात केली. गावातल्याच बायका-माणसांना हाताशी धरून एक हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी उतरवून घेतल्या. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्हींत मुरलेल्या फ्रेंच अभ्यासकाने पुढे त्यांना साथ दिली, ध्वनिमुद्रणं झाली, संगणकावर सूची तयार झाली. पॉइटवँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा लोकांपुढे आणायला घेतला.

ओव्या जमवणं जिकिरीचं असलं, तरी खरी कसोटी लागते ती त्या लावताना. सीतेच्या वनवासाची ओवी रामायणाच्या खणात टाकावी, तर गाणारी बाई सीतेच्या नावाने स्वतःचा सासुरवास सांगत असते. पंढरीच्या वाटेची ओवी भक्तीची म्हणावी, तर तिच्यात घरातून चार दिवस सुटका झाल्याचा आनंद असतो. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत, त्यांत भक्ती, अभिमान आणि राजकारण यांची वीण उसवता येत नाही. पॉइटवँ-राईरकरांनी विषयवार वर्गवारी केली ती हे सगळं ठाऊक असूनच. साहित्याच्या संशोधनात पुरावा म्हणजे शब्द, हे खरं. पण शब्द कोणाच्या तोंडचा, कुठल्या गावचा, कुठल्या जातीतला आणि काय काम करता करता म्हटलेला, हे नोंदवलं नाही तर तो पुरावा निम्म्याने कमी होतो. आपल्याकडच्या लोकगीतांच्या अनेक जुन्या संग्रहांत गाणारीचं नावसुद्धा नाही. या संग्रहात ते आहे, आणि त्याचं मोठेपण बरंचसं तिथेच आहे.

अशा कामाचं फळ उशिरा मिळतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते पुरं व्हायला 1966 उजाडलं. डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये सुरू झालेला संस्कृतचा महाकोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. आजच्या अनुदानाच्या कालमर्यादेत यांतलं एकही काम बसलं नसतं.

मुलाची गोष्ट अगदी वेगळी आहे. मुंबईच्या डबेवाल्यांत याच तालुक्यांतली माणसं बहुसंख्य आहेत. त्यांच्याविषयी बोलणारा प्रत्येक जण दुसऱ्याच वाक्यात ‘सिक्स सिग्मा’, म्हणजे जवळपास बिनचूक कामाचं मानांकन, असं म्हणतो. व्याख्यानांत, व्यवस्थापनाच्या वर्गांत, वर्तमानपत्रांत सांगितलं जातं की, ‘फोर्ब्स’ मासिकाने डबेवाल्यांना हे प्रमाणपत्र दिलं. दिलेलं नाही. 1998 मध्ये ‘फोर्ब्स’च्या पत्रकाराने डबेवाल्यांवर लेख लिहिला. चूक किती वेळा होते, असं त्याने संघटनेच्या प्रमुखांना विचारलं. उत्तर मिळालं की, जवळजवळ होतच नाही, झाली तर दोन महिन्यांतून एखादी. रोजचे पावणेदोन लाखांच्या आसपास डबे धरून पत्रकाराने गुणाकार केला. दोन महिन्यांत साधारण ऐंशी लाख फेऱ्या, आणि रिकामा डबा परत जातो तो हिशेबात घेतला तर एक कोटी साठ लाखांत एक चूक. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द त्या लेखात नव्हताच. तो पुढे एका परिषदेत चिकटला, आणि चिकटला तो चिकटलाच. म्हणजे जगभर मिरवलेल्या आकड्याचं मूळ एका अंदाजात आहे. कोणी डबे मोजले नव्हते आणि चुकांची वहीही तपासली नव्हती. गौरी पाठक यांनी 2010 च्या शोधनिबंधात त्या पत्रकाराचाच खुलासा छापला आहे. पण भाषण करणाऱ्यांना शोधनिबंध वाचायला सवड कुठली.

याचा अर्थ डबेवाल्यांचं काम कमी प्रतीचं असा मुळीच नाही. आकडा बाजूला ठेवला की त्यांचं काम उलट जास्त नीट दिसतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी 2010 मध्ये डबेवाल्यांवर अभ्यास-प्रकरण तयार केलं, आणि त्यात आश्चर्योद्गारांपेक्षा बारकावे अधिक आहेत. साधारण पंचवीस जणांचा गट, तो आपला कारभार आपण पाहतो. गटात दोन-तीन माणसं जादा असतात, म्हणजे कोणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली, तर खोळंबा होत नाही. नवा माणूस आधी उमेदवारी करतो, मग भागीदार होतो. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा असतात: उतरायचं स्टेशन, इमारत, मजला, नेणाऱ्याची ओळख. त्यात गिऱ्हाइकाचा पूर्ण पत्ता नसतो. ज्या माणसाला ज्या टप्प्यावर जेवढं कळायला हवं तेवढंच लिहिलेलं असतं. आणि सगळ्यांच्या वर लोकल गाडीचं वेळापत्रक. गाडी स्टेशनात काही सेकंदच थांबते, तेवढ्यात डब्यांनी भरलेल्या पाट्या चढल्या पाहिजेत. शिस्त लावायला साहेब लागत नाही, ते काम गाडीच करते.

त्याच डब्याकडे इटालियन मानववंशशास्त्रज्ञ सारा रोंकाल्या यांनी पाहिलं, तेव्हा त्यांना वेळापत्रकापेक्षा झाकणाखालचं अन्न महत्त्वाचं वाटलं. त्यांचं पुस्तक इंग्रजीत 2013 मध्ये आलं. गुजराती, जैन, मराठी, दक्षिणी अशा नाना स्वयंपाकघरांतलं जेवण, सोवळं-ओवळं, बाहेरच्या खाण्याविषयीचा संशय, बायकोच्या हातच्या चवीचा आग्रह, हे सगळं होतं म्हणून या धंद्याला गिऱ्हाईक मिळालं. एकाला डब्यात व्यवस्था दिसली, दुसरीला समाज. पाठक यांना तिसरीच गोष्ट दिसली: देशाला स्वतःचं कौतुक करायला डबेवाला कसा उपयोगी पडतो. तिन्ही अभ्यास खरे आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र बहुधा पहिलाच पडतो, तोही ‘सिक्स सिग्मा’चा शिक्का मारून.

आपल्याकडचं व्यवस्थापनातलं संशोधन इथेच रोडावलं आहे. ‘अमुक शहरातील ग्राहकांचे समाधान: एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ तमुक तालुका’ अशा छापाचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय प्रबंधसंग्रहात चाळले तर पानोपानी सापडतात. प्रश्नावली वाटायची, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत खुणा गोळा करायच्या, तक्ते काढायचे, आणि ग्राहक समाधानी आहेत पण सुधारणेला वाव आहे, असं म्हणायचं. दुकानात एक महिना उभं राहून उधारीची वही कशी चालते हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. याउलट 1933 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. फळ बागेतून गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईपर्यंत मधल्या माणसांचं काय चालतं, हा तिचा विषय. पुढे हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले. बाजाराचा अभ्यास करणारा माणूस बाजारात शिरायला कचरला नाही, एवढं त्यातून घेतलं तरी पुष्कळ झालं.

नातवाच्या शिक्षणाबाबत तर मोजण्याची पद्धत हाच वादाचा मुद्दा आहे. शाळेत किती मुलं येतात, किती पास झाली, किती वर्गखोल्या बांधल्या, हे सरकारदरबारी फार पूर्वीपासून मोजलं जातं. मूल वाचतं का, हे मोजलं जात नव्हतं. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 1995 मध्ये ‘प्रथम’ सुरू केली. तिच्यातून निघालेली ‘असर’ पाहणी 2005 मध्ये पहिल्यांदा झाली. पाहणीचं साधन म्हणजे एक साधा कागद. त्यावर सुटी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलांना तपासायला कार्यकर्ता शाळेत जात नाही, घरी जातो. कारण शाळेत न येणारं मूल शाळेत मोजता येत नाही. ओसरीवर मुलापुढे कागद धरायचा आणि ते कुठवर वाचतं ते पाहायचं. पाचवीतल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता येते, हे वर्षामागून वर्ष समोर येऊ लागल्यावर खळबळ उडाली. मुलाला एका कागदावर तोलता येतं का, असा आक्षेप शिक्षकांनी आणि काही शिक्षणतज्ज्ञांनी घेतला. तो अगदीच गैर नाही. या कागदाने मुलाची कल्पनाशक्ती कळत नाही, तर्क कळत नाही. पण गोष्ट वाचताच येत नसेल तर कल्पनाशक्तीच्या गप्पा कोणाशी मारायच्या, हा उलट प्रश्न उरतोच.

‘प्रथम’च्याच ‘बालसखी’ उपक्रमावर मुंबई आणि वडोदऱ्यात मोठा प्रयोग झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज काही वेळ वर्गाबाहेर घेऊन शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या, म्हणजे औषधाच्या चाचणीत करतात तसं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण चांगलेच वाढले. त्याच निष्कर्षांतली दुसरी गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गात गर्दी कमी झाली, पण मागे उरलेल्या मुलांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. वर्ग लहान केला की शिक्षण सुधारतं, या सगळ्यांच्या लाडक्या समजुतीला धक्का बसला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे असेच प्रयोग होते.

चिठ्ठ्या टाकून मिळालेलं हे ज्ञान पक्कं असलं, तरी त्यातून नवी शाळा सुचत नाही. आधी कोणीतरी सुचवलेल्या शाळेची परीक्षा तेवढी होते. सुचणं कसं असतं, ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात दिसतं. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं कुरणावर, तर शाळा कुरणावर. इथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, गुणांचे तक्ते नव्हते. आजच्या कुठल्या नियतकालिकाने त्यावरचा निबंध छापला असता का, शंकाच आहे. अंगणवाडी हा शब्द मात्र देशभर गेला.

राहिले पणजोबा आणि त्यांची जमीन. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्याजवळचं एक गाव घर नि घर, शेत नि शेत तपासलं आणि 1917 मध्ये निष्कर्ष छापले. 1771 मध्ये तिथलं सरासरी खातं 40 एकरांचं होतं, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते 7 एकरांवर आलं होतं. त्या 7 एकरांचेही तुकडे. भारतातल्या ग्रामपाहण्यांची वाट ज्यांनी पाडली, त्यांत हे पुस्तक अगदी पुढे आहे. गावाचं नाव पिंपळे सौदागर. आज तिथे एकर कोणी विचारत नाही, चौरस फुटाचा भाव विचारतात.

या सगळ्या दारांतून एकट्याने ये-जा करणारा माणूस एकच आठवतो. गोव्यात कोसबेन इथे 1907 मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे धंद्याने गणिती. नाणं हातोहात फिरून झिजतं, तेव्हा वजनावरून ते किती फिरलं हे काढता येईल, असं त्यांना वाटलं. आधी चालू नाणी तोलून त्यांनी ही कल्पना पडताळली, मग प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हजारोंनी तोलली. व्यापाराचा इतिहास त्यांनी तराजूतून काढला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर तुडवत दगडी हत्यारं आणि शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी नोंदवायची. मावळातल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेल्या खांबांवरचे लेख ते वाचत, आणि त्याच डोंगरावर मुंबईचे कोळी एकवीरेला का येतात, हेही विचारत. लेख वाचणारा पुरातत्त्वज्ञ आणि कोळ्यांशी बोलणारा समाजशास्त्रज्ञ असे दोन वेगळे विभाग त्यांना लागले नाहीत. विद्यापीठीय चौकटीत मात्र ते कधीच नीट बसले नाहीत, आणि त्यांच्यानंतर पुण्यात तसा कोणी झाला नाही.

दरम्यान आजीचं ते घर बदललं. जातं माळ्यावर गेलं, गिरणी आली. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या आणि डबे थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा गिऱ्हाइकं आणि डबेवाले दोन्ही बरेच कमी झाले होते. त्या घरातला धाकटा मुलगा आता ॲपवरून जेवण पोचवत असेल. त्याच्या फेऱ्या, वेळा, चुका, कमाई यांतला प्रत्येक क्षण कुठेतरी नोंदला जातो, पण तो आकडा कंपनीकडे असतो. थॉम्के मुकादमाला प्रश्न विचारू शकत होते, पॉइटवँ ओसरीवर बसू शकत होते. आताच्या अभ्यासकाला आधी परवानगीचा अर्ज भरावा लागतो, नाहीतर चौकात ऑर्डरची वाट पाहत थांबलेल्या पोरांना गाठून, दोन ऑर्डरींच्या मधल्या वेळात, वहीत लिहून घ्यावं लागतं.