गिटारचा वॉल्व्ह अँप्लिफायर: बांधायचा तर कोणता?

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिला अँप्लिफायर बांधायचाय, भावाच्या गिटारसाठी." क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, तयार मिळतो तो घ्या की!"

मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. कर्जाचं ठरवायचं तर आधी मला विषय कळायला हवा, म्हणून दोन संध्याकाळ तिच्याशेजारी बसले. जे कळलं ते सांगते, कारण तुमच्याही माळ्यावर एखादा जुना रेडिओ असेल.

तो रेडिओ आठवा. बटण फिरवलं की आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या आणि मग कुठे आवाज यायचा. त्या नळ्या म्हणजे वॉल्व्ह. गिटार वाजवणाऱ्यांना त्या अजून आवडतात, कारण जोर वाढवला की आवाज हळूहळू जाड होतो, किंचित फाटतो, पण कानाला टोचत नाही.

मुलीचा पहिला बेत होता घरच्या जुन्या रेडिओचाच अँप्लिफायर करायचा. खर्च वाचेल म्हणून मलाही तो पटला होता! पण तिच्या सरांनी रेडिओ उघडून पाहिला आणि थांबवलं. काही शहरांत पूर्वी डीसी वीज असायची, म्हणून दोन्ही विजांवर चालणारे रेडिओ निघाले होते. त्यांत घरच्या विजेपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. प्लग उलटा बसला तर आतल्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. रेडिओला लाकडी पेटी असते, हात पत्र्याला लागत नाही. गिटारच्या तारा मात्र वायरीतून त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं तारांवर! अशा रेडिओतल्या वॉल्व्हची नावं बहुधा 'यू'ने सुरू होतात, यूएल84, यूवाय85 अशी. 'ई'ने सुरू होणारे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, जाणकाराला दाखवाच.

मग निवड झाली अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या जुन्या 'चॅम्प'ची. त्याचा 1950च्या दशकातला '5एफ1' नावाचा नकाशा आजही लोक हाताने बांधतात. वॉल्व्ह तीनच: 12एएक्स7, 6व्ही6 आणि 5वाय3. ताकद साधारण 5 वॅट, 8 इंची स्पीकर आणि आवाजाचं एकच बटण. वॉल्व्ह बदलल्यावर मापं जुळवत बसावं लागत नाही. शिकणारीसाठी हेच मोठं. त्याचाच भाऊ 'प्रिन्स्टन', त्यात सुराचं एक बटण जास्त. 'डीलक्स' 12 वॅटच्या आसपास, पण वॉल्व्ह जास्त, जोडण्या जास्त, चुका शोधणंही जास्त. भावाला डीलक्सच हवा होता, लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी. ती म्हणाली, "दादा, चॅम्पसमोर माईक ठेव."

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. कॅलिफोर्नियात फुलरटन गावी फेंडरच्या कारखान्यात ही जोडणी बऱ्याचशा बायकाच करायच्या. त्या काळच्या कित्येक अँप्लिफायरच्या आत चिकटपट्टीचा तुकडा सापडतो आणि त्यावर जोडणारीचं नाव असतं. लिली, लुपे. हे बैठकीत सांगितल्यावर काकूंचा सूर जरा बदलला.

आता खरेदीचं. अमेरिकेतला तयार संच बहुधा तिकडच्या 120 व्होल्टचा असतो. आपल्याला 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मागून घ्यायचा. जुन्या अँप्लिफायरना दोनच पिनांचा प्लग असायचा. त्यात नक्कल करायची नाही. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची वायर पत्र्याला बोल्टने घट्ट आणि फ्यूज हवाच. जुने कंडेन्सर वापरायचे नाहीत.

आत 300 व्होल्टच्या वर दाब असतो. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. म्हणून हात घालण्याआधी रेझिस्टर लावून तो उतरवायचा आणि उतरला की नाही ते मीटरने पाहायचं, अंदाजाने नाही. पहिल्यांदा सुरू करताना मध्ये फिलामेंटचा बल्ब जोडलेला सिरीज बोर्ड घ्यायचा, म्हणजे आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय वॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कर्ज मंजूर झालं, दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी आणि चांगला मीटर. वॉल्व्ह आणि स्पीकर नंतर. अट एकच, पहिल्यांदा वीज देताना सर शेजारी हवेत.

परवाच्या बैठकीला ती रिकामी पत्र्याची पेटी घेऊन आली होती. काकूंनी चष्मा लावला आणि अर्थिंगची वायर दोनदा ओढून पाहिली.