मूनलाइट सोनाटा : चंद्र बाजूला ठेवून

मार्च १८०२मध्ये व्हिएन्नाच्या जोव्हान्नी कापी या प्रकाशकाने लुडविग व्हान बीथोव्हनची एक पियानो सोनाटा छापली. ओपस २७, क्रमांक २. ‘जवळजवळ फँटसीसारखी सोनाटा’ एवढेच वर्णन आणि खाली काउंटेस जुलिएटा ग्विचार्डी हिला अर्पण केल्याची ओळ. चांदणे नाही, तळे नाही, नाव नाही. आज हीच रचना ‘मूनलाइट सोनाटा’ म्हणून जगभर ओळखली जाते. पियानोला कधी बोट न लावलेल्या माणसाचाही गळा तिच्या पहिल्या संथ भागाने दाटून येतो. ती इतकी का हलवते, असे विचारले की बहुतेक उत्तरे सुरांच्या बाहेरची मिळतात : चांदणी रात्र, आंधळी मुलगी, हरलेले प्रेम, बहिरेपण. ही उत्तरे एकेक करून तपासण्याजोगी आहेत, कारण त्यांच्या गर्दीत खुद्द संगीत ऐकायचे राहून जाते.

नावापासून सुरुवात करू. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हनने दिलेले नाही. त्याचा उगम आहे बर्लिनचा कवी आणि संगीतसमीक्षक लुडविग रेलश्टाब याच्या लेखणीत. पहिला भाग ऐकताना त्याला स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न सरोवरावर पसरलेले चांदणे आठवले. हा रेलश्टाब काही किरकोळ माणूस नव्हता. शूबर्टने अखेरच्या दिवसांत त्याच्या कवितांना चाली लावल्या होत्या. बीथोव्हन २६ मार्च १८२७ रोजी वारला आणि हे नाव रूढ झाले ते त्याच्या मृत्यूनंतर. प्रकाशकांनी ते उचलले, श्रोत्यांनी आपलेसे केले.

मात्र रात्रीची कल्पना अगदीच हवेतली होती असे नाही. बीथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी यानेही या भागाला रात्रीचे दृश्य म्हटले आहे. फक्त त्याच्या रात्रीत सरोवरावरचे चांदणे नाही, दुरून येणारा एक गूढ, भुताटकीचा आवाज आहे. आणि विसाव्या शतकातले थोर पियानोवादक एडविन फिशर यांनी याहून बोलका पुरावा पुढे आणला. बीथोव्हनच्या हातच्या एका कागदावर मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या ऑपेरातला काही भाग उतरवून घेतलेला आहे, तोही याच सोनाटाच्या पट्टीत. तो प्रसंग आहे तलवारीच्या वाराने कोसळलेल्या वृद्ध सेनानीच्या मृत्यूचा. खाली तीन-तीन स्वरांचे अखंड आवर्तन, वर विझत जाणारा जीव. हे साम्य एकदा ध्यानात आले की पहिला भाग चांदण्यापेक्षा मृत्यूच्या उशाशी जास्त जवळ वाटतो.

आंधळ्या मुलीची गोष्ट मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांतून एकोणिसाव्या शतकापासून फिरते आहे. बॉन शहरातली थंडीची रात्र, एका चांभाराच्या घरातून येणारे पियानोचे सूर, वाजवणारी त्याची आंधळी बहीण. मेणबत्ती विझते, खिडकीतून चांदणे आत येते आणि बीथोव्हन तिथल्या तिथे ही सोनाटा रचतो. गोष्ट हृद्य आहे, पण खोटी. बीथोव्हनने बॉन १७९२मध्येच कायमचे सोडले होते आणि ही सोनाटा १८०१ची आहे. त्याच्या हयातीतल्या एकाही कागदात या प्रसंगाची नोंद नाही. नाव आधी चिकटले आणि नावाला साजेशी गोष्ट मागाहून रचली गेली.

प्रेमाचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे, कारण त्यात काही तथ्य आहे. जुलिएटा त्याची विद्यार्थिनी होती. १६ नोव्हेंबर १८०१ रोजी फ्रांत्स वेगेलर या बालमित्राला लिहिलेल्या पत्रात बीथोव्हन एका मोहक मुलीविषयी लिहितो. ती आपल्यावर प्रेम करते आणि आपण तिच्यावर, पण ती आपल्या दर्जाच्या घरातली नाही, असे सांगतो. ही मुलगी जुलिएटाच, असे अभ्यासक मानतात. पण म्हणून सोनाटा म्हणजे तिला लिहिलेले प्रेमपत्र ठरत नाही. १८५२मध्ये जुलिएटानेच चरित्रकार ओटो यान याला सांगितले की बीथोव्हनने तिला आधी एक वेगळीच रचना, एक रोंडो, दिली होती. ती लिख्नोव्स्की घराण्यातल्या एका काउंटेसला अर्पण करायची वेळ आली, तेव्हा त्याने ती परत मागून घेतली आणि बदल्यात ही सोनाटा जुलिएटाच्या नावे केली. ‘अमर प्रिये’ला उद्देशून लिहिलेले त्याचे प्रसिद्ध पत्रही तिच्याशी जोडणे कठीण, कारण ते १८१२चे आहे. जुलिएटाचे लग्न १८०३मध्येच झाले होते.

राहिले बहिरेपण. १९९४च्या ‘इम्मॉर्टल बिलव्हेड’ या चित्रपटात बीथोव्हन झालेला गॅरी ओल्डमन पियानोच्या झाकणावर कान टेकवून हीच सोनाटा वाजवतो. हे दृश्य पाहिलेला माणूस ती पूर्ण बहिऱ्या माणसाची निर्मिती आहे असेच समजणार. १८०१मध्ये बीथोव्हन तिशीत होता. कानांत सतत आवाज घुमतात, उंच स्वर ऐकू येत नाहीत, ही व्यथा त्याने त्याच वर्षी जूनमध्ये वेगेलरला कळवली होती आणि ती खरी होती. पण तो ऐकू शकत होता आणि त्यानंतरही अनेक वर्षे लोकांसमोर वाजवत होता, १८१४पर्यंत. ज्या वह्यांत भेटायला येणारे लोक आपले बोलणे लिहून दाखवत, त्या वह्या १८१८पासूनच्या आहेत.

आता प्रत्यक्ष सुरांकडे.

या सोनाटाची पट्टी म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी एक. तो षड्ज धरला तर पहिल्या चार मात्राखंडांत डावा हात जे मंद्र स्वर दाबतो, ते असे उतरतात : षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, मध्यम आणि मग पंचम. उजव्या हातात तीन-तीन स्वरांची लहर, न थांबणारी. तिसऱ्याच खंडात एक अनपेक्षित गोष्ट घडते. कोमल रिषभ येतो. तोवर कान ज्या स्वरांना सरावू लागलेला असतो त्यांत हा बसत नाही. क्षणभर पायाखालची जमीन हलते आणि लगेच पंचमावर सावरते. मुख्य धून यायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या पोटात जे काही होते, त्याचे कारण बरेचसे इथे आहे. पुढे धून येते तीही किती थोडक्यात! पुन्हा पुन्हा पंचमच, मग अर्ध्या स्वराने वर कोमल धैवताला शिवून परत खाली. हुंदका आवरत बोलणाऱ्या माणसासारखी तिची चाल आहे. याला राग मात्र म्हणू नये. आसावरी थाटाचे आणि शुद्ध निषाद आला की किरवाणीचे स्वर त्यात सापडतील, पण इथे अर्थ एकेका स्वरातून निघत नाही; एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या मेळातून निघतो.

आणखी एक गोष्ट पियानोच्या घडणीतली. हातोडी तारेवर पडली की स्वर त्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीचा भाता दाबून स्वर फुगवता येतो, गळ्याने मींड घेता येते. पियानोला दोन्ही अशक्य. बीथोव्हनने ही उणीवच कामाला लावली. वरचा लांब स्वर विरत असतो आणि खालची लहर त्याला तरंगत ठेवते. हा सगळा भाग अतिशय नाजूकपणे आणि तारांवरच्या दाबपट्ट्या उचललेल्या ठेवून वाजवावा, अशी त्याची लेखी सूचना आहे. त्याच्या काळच्या व्हिएन्नी पियानोला साधारण पाच सप्तके होती, लाकडी चौकट होती, स्वर लवकर विरत असे. त्यामुळे स्वर एकमेकांत हलके मिसळत. आजच्या ८८ पट्ट्यांच्या, लोखंडी चौकटीच्या पियानोवर ती सूचना शब्दशः पाळली तर सगळ्याचा चिखल होतो. म्हणून आजचे वादक दाबपट्ट्या उचलणारे पेडल वारंवार बदलतात.

इथेच दुसरा एक समज तपासायला हवा : जितके संथ, तितके भावपूर्ण. अनेक ध्वनिमुद्रणांत हा भाग शवयात्रेच्या चालीने रांगतो. पण बीथोव्हनने ताल लिहिला आहे तो खंडात चार नव्हे, दोन ठोके मोजण्याचा. लय संथ खरी, पण ती या दोन ठोक्यांची. चेर्नीही मध्यम, चालत्या गतीचीच शिफारस करतो. त्या गतीने वाजवले की धून एका श्वासात ऐकू येते आणि दुःख कमी नव्हे, जास्त टोचते.

पाश्चात्त्य सुरावटीची ‘मायनर’ ही जात म्हणजे दुःखी, हा तर पाठ्यपुस्तकी समज. त्याचे खंडन करायला याच सोनाटाचा शेवटचा भाग पुरे. पट्टी तीच, मायनर तोच, षड्ज तोच. पण गती झंझावाती, खालून वर उसळणारे स्वर आणि टोकाला दोन आघात. तिथे कुणाला झोप येत नाही की आसवे येत नाहीत. तिथे संताप आहे. मराठी श्रोत्याला हे नवे वाटू नये. मैफिलीच्या शेवटी येणाऱ्या भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, तरी तिच्यात विरह मावतो, भक्ती मावते आणि तृप्तीही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केट हेव्हनर हिने १९३०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतही सुरावटीच्या जातीइतकेच लयीचे वजन दिसले.

मग असे संगीत समजायला त्या संस्कृतीत वाढावे लागते का? पूर्णपणे नाही. २००९मध्ये थॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनच्या डोंगराळ भागातल्या माफा लोकांना पाश्चात्त्य पद्धतीचे पियानोचे तुकडे ऐकवले. पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या त्या माणसांनी आनंद, दुःख आणि भीती हे भाव केवळ अंदाजाने जमतील त्याहून अधिक वेळा ओळखले. याची उलट बाजू आपल्या अभिमानाची. १९९९मध्ये बॉल्कविल आणि थॉम्प्सन या अभ्यासकांनी हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. रागांची काहीही ओळख नसताना त्यांना आनंद, दुःख आणि क्रोध ओळखता आले. शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. म्हणजे लय, स्वरांची गुंतागुंत, आवाजाचा जोर या गोष्टी सीमा ओलांडतात. सूक्ष्म छटांसाठी कान घडावा लागतो.

करुण संगीत ऐकले की माणूस खिन्न होतो, म्हणून उदास माणसाने ते टाळावे, असे सल्ले घरोघरी दिले जातात. लिला तारुफी आणि श्टेफान क्योल्श यांनी २०१४मध्ये ७७२ जणांना विचारले, तेव्हा दुःखी संगीताने सर्वांत जास्त जागी होणारी भावना निघाली ती गतकाळाची ओढ. दुःख नव्हे. अनेकांनी असे संगीत सांत्वन देते असेही सांगितले. ते औषधाची जागा घेत नाही. पण रडू आले म्हणजे अपाय झाला, हेही खरे नाही.

अंगावर काटा येण्यामागेही मेंदूचे ठोस काम आहे. मॉन्ट्रियलमध्ये वालोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवले की आवडत्या संगीताच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. आणि तो क्षण यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनेही, ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवते. ओळखीची रचना शंभराव्यांदा ऐकतानाही तिसऱ्या खंडातल्या त्या कोमल रिषभाची वाट का पाहिली जाते, याचे एक कारण इथे मिळते. प्रयोगात आलेल्या माणसांनी आपापले आवडते संगीत बरोबर आणले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. सर्वांना रडवणारी एकच जादूची रचना कुठेही नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४मध्ये असेही लोक दाखवून दिले, ज्यांचे कान धड आहेत, पैसे मिळाल्याचा आनंद होतो, पण संगीताने काहीच होत नाही. अशा माणसाला अरसिक म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

बाळाला हुशार करणाऱ्या पियानोचा समज थोडक्यात आटोपता येतो. ज्यावरून हा समज पसरला, तो १९९३चा गाजलेला प्रयोग ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नाही. ऐकवलेली मोझार्टची रचना दोन पियानोंची, चांगली चपळ होती आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटे. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम उल्हसित मनाचा निघाला, बुद्धीचा नव्हे. तरीही १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बालकांना शास्त्रीय संगीताच्या सीडी वाटण्यासाठी एक लाखाहून अधिक डॉलरची मागणी केली होती. बाळाला संगीत ऐकवावे ते त्याला ते आवडते म्हणून.

या सोनाटावर सर्वांत मोठा अन्याय होतो तो वेगळाच. झोपेच्या, ध्यानाच्या, विश्रांतीच्या संग्रहांत तिचा फक्त पहिला भाग घेतला जातो आणि सहा मिनिटांनी ती संपली असे श्रोत्याला वाटते. पहिल्या भागाच्या शेवटी बीथोव्हनची स्पष्ट सूचना आहे : न थांबता लगेच पुढचा भाग सुरू करावा. पुढे त्याच काळी एकवर, पण मेजरमध्ये, एक छोटा हसरा भाग येतो आणि त्यानंतर ते वादळ. तिन्ही मिळून साधारण पंधरा मिनिटे होतात. पुढच्या वेळी ही सोनाटा लावाल तेव्हा पहिला भाग संपल्यावर बंद करू नका. ती शेवटपर्यंत ऐका.