चौघांची भाकरी

(आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

पुणे-सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचन मागं टाकलं, की यवतच्या अलीकडं आमचं कासुर्डी लागतं. दौंड तालुक्यातलं गाव. ऊस, गुऱ्हाळं आणि मळ्यामळ्यांत विखुरलेली घरं. आमचं घरही उसाच्या कडेलाच आहे. त्यात माणसं पाच आणि कुत्री चार. येणारा-जाणारा विचारतो, "भाई, आम्हाला एक कुत्रं आवरत नाही, तुम्ही चार कशी सांभाळता?" मी सांगतो, चार सांभाळत नाही, एक-एक करून चार वेळा सांभाळतो.

पूर्वी पाच होती. पाचव्याची, म्हणजे शेरूची, हकिगत आधी सांगतो, कारण पुढं जे बोलणार आहे ते बरंचसं त्याच्यामुळं शिकलो. शेरू अंगानं दांडगा, पण कोंबड्यांच्या मागं लागायचा. मी त्याला गंजीजवळ साखळीनं बांधायला लागलो. दिवसा बांधलेला, रात्रीही बांधलेला. मला वाटायचं, राखणही होते आणि कोंबड्याही वाचतात. थंडीच्या दिवसांतली एक पहाट. साखळी जागेवर, पट्टा तुटलेला, मातीत फरपटल्याच्या खुणा थेट उसापर्यंत. बिबट्या घेऊन गेला होता. मोकळा असता तर शेरू घरात तरी पळाला असता. त्याला पळता येऊ नये याची सोय मीच करून ठेवली होती.

नंतर वाचनात आलं, की अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. उसाच्या मुलखातला हा बिबट्या खातो काय, हे त्यांना पाहायचं होतं. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा, 39 टक्के, कुत्र्यांचा. शेळ्यांचा वाटा कुत्र्यांच्या निम्माही नव्हता. आपण समजतो कुत्रं बिबट्याला हाकलतं. बिबट्याच्या लेखी कुत्रं म्हणजे जेवण. भीमेपलीकडं शिरूर तालुक्यात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन लेकरं आणि एक म्हातारी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. अशा मुलखात अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दारापर्यंत दिलेलं आमंत्रणच. तेव्हा हा प्रश्न एकट्या कुत्र्याच्या जिवाचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा आहे. कुत्र्याला कायम साखळीनं बांधून किंवा कोंडून ठेवायचं आणि त्याला पुरेसं फिरवायचं नाही, हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमात गुन्हा आहे. कुत्र्याचा तिथं नाव घेऊन उल्लेख आहे. मी बीए झालेला माणूस, आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि माझ्याच अंगणातला गुन्हा मला दिसला नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, मुसलमानाच्या घरात कुत्रं कसं? आमच्या अम्मीनंही हाच वाद घातला होता. पण शेतीसाठी, कळपासाठी आणि शिकारीसाठी कुत्रं पाळायला हदीसमध्ये मोकळीक आहे. त्यानं भांड्यात तोंड घातलं तर ते सात वेळा धुवायचं. अम्मीनं त्यातून तोडगा काढला. कुत्र्यांची भांडी वेगळी, ती घासायची जागा वेगळी आणि स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडायचा नाही. आज मला वाटतं, घरातल्या कुत्र्यांना पहिली शिस्त अम्मीनंच लावली. आमच्या सर्वांत थोरल्या कुत्र्याचं नाव वाघ्या आहे. जेजुरी इथून फार लांब नाही, आणि खंडोबाच्या मूर्तीजवळ घोड्याबरोबर कुत्राही असतो. नाव मी ठेवलेलं नाही. ज्या धनगरनानांनी पिल्लू दिलं, त्यांनी नावासकट दिलं.

वाघ्याखेरीज मोती, काळू आणि राणी. मोती पश्मी जातीचा आहे. लांब तोंडाच्या, चवळीच्या शेंगेसारख्या अंगाच्या या कुत्र्यांना कुणी कारवानी म्हणतात, आणि अंगावर केस जास्त असले की पश्मी. दोन्ही शब्द फारसी. कारवान म्हणजे तांडा, पश्म म्हणजे लोकर. काळू आणि राणी गावठी. काळूचं नाव आधी राजा होतं. राणीला हाक मारली की राजाही यायचा, राजाला मारली की दोघंही. 'रा' ऐकलं की दोघांचे कान उभे. शेवटी त्याचं नाव बदललं. घरात एकापेक्षा जास्त कुत्री असतील, तर नावं पहिल्या अक्षरापासून वेगळी असू द्यावीत. कविता करताना यमक बरं वाटतं, कुत्र्यांची नावं ठेवताना नाही.

आता खाणं. आमच्याकडं सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला जर्मनच्या चार थाळ्या चार कोपऱ्यांत जातात. क्रम ठरलेला. वाघ्या, मग राणी, मोती आणि शेवटी काळू. प्रत्येकाचं नाव घेऊन थाळी ठेवायची. क्रम कोणताही असो, तो रोज बदलू नये एवढंच. आपली पाळी येणार हे माहीत असलं की कुत्रं धीर धरतं. एकाच घमेल्यात चौघांचं खाणं ओतलं, तर दांडगा दोघांचं खातो, लाजरा उपाशी राहतो आणि तिसऱ्या दिवशी भांडणात कान फाटतात. वीस मिनिटांनी थाळ्या उचलायच्या, कुणी ठेवलेलं असो वा नसो. याचा एक मोठा फायदा असा, की कोण जेवलं नाही ते त्याच दिवशी कळतं. कुत्र्याच्या आजाराची पहिली खूण बहुधा थाळीत दिसते. काळूला गोचीड ताप आला तेव्हा त्याला ताप आहे हे थाळीनंच सांगितलं. समाईक घमेलं असतं, तर आठवडाभर कळलं नसतं.

भाकरी कुत्र्याला चालते का, असं शहरातले पाहुणे विचारतात. चालते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं जगताना कुत्र्याचं पोटच बदललं. पण भाकरी चालते म्हणजे नुसती भाकरी पुरते असं नाही. नुसत्या भाकरीवर पोट भरतं, पण अंगात ताकद राहत नाही आणि केस राठ होतात. वीस किलो वजनाच्या, हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार ते अकराशे उष्मांक लागतात. मध्यम भाकरीत दोन-अडीचशे असतात. आमचा हिशेब असा : दिवसाला तीन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी आणि मूठभर शिजवलेलं मांस. मांस नसेल त्या दिवशी घट्ट वरण आणि दही. दूध पिल्लांना त्यांच्या आईचं. मोठ्या कुत्र्यांना गाई-म्हशीचं दूध पुष्कळदा सोसत नाही, पोट बिघडतं. वजन करायला आधी आपण एकट्यानं काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. काटा नसेल तर हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत. राणीचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावर ती त्याच खाण्यावर गोल झाली. तिची एक भाकरी कमी केली.

कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असतात. म्हणून मसाल्याचा रस्सा थाळीत ओतू नये. कोंबडीची शिजलेली हाडं चिरफळतात आणि आतड्यात रुततात. गुऱ्हाळावर गेलं की लोक प्रेमानं गुळाचा खडा टाकतात. एखाद्या खड्यानं काही होत नाही, पण त्याची गरजही नसते.

एका गोष्टीवर मात्र जोर देऊन बोलतो. बकरी ईद असो, जत्रा असो की खाटकाचं दुकान, बकऱ्या-मेंढ्यांची कच्ची फुफ्फुसं, काळीज कुत्र्यांपुढं टाकायची आपल्याकडं सर्रास रीत आहे. त्या अवयवांत कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या, की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, भाजीपाल्यावर, मुलांच्या हातांवर येतात आणि माणसाच्या काळजात, फुफ्फुसात तशाच गाठी धरतात. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं. तेव्हा असं मांस चांगलं शिजवूनच द्यायचं, आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरल्या वेळी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा आणि पुढं दरवर्षी, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण चार कुत्र्यांपैकी एकाची लस हटकून राहून जाते. आमच्या कॅलेंडरवर चौघांची नावं लिहिलेली असतात.

शिकवण्याचं म्हणाल, तर आधी माणसांना शिकवावं लागलं. मी 'बस' म्हणायचो, घरचे 'बैठ', पोरं 'सिट'. कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? एके संध्याकाळी सगळ्यांनी बसून चार शब्द ठरवले : ये, बस, सोड आणि सबूर. सबूर म्हणजे जागचं हलायचं नाही. आधी नाव, मग शब्द. शिकवताना एकालाच बाहेर घ्यायचं, बाकीचे दाराआड. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. हवं ते केलं की त्याच क्षणी खाऊचा तुकडा. दोन-चार सेकंद उशीर झाला, की बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. शिक्षेचंही तसंच. दुपारी फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मारलं, तर कुत्रं एवढंच शिकतं, की हा माणूस घरी आला की मारतो. एकेकटं ऐकायला लागल्यावर मग दोघांना एकत्र, आणि महिन्याभरानं चौघांना. थाळीपुढं चौघं 'सबूर' ऐकून बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी अम्मीही दारात येऊन उभी राहिली.

'कुत्र्याला दाबात ठेवा, तुम्ही टोळीचे म्होरके आहात हे त्याला दाखवा', असा सल्ला पुष्कळ जण देतात. ही समजूत पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकानं 1970 च्या आपल्या पुस्तकात तीच मांडली होती. पुढं जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यानंच 1999 मध्ये लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. म्होरकेपणासाठी तिथं रोज मारामारी चालत नाही. मला हे वाचून बरं वाटलं, कारण दाब दाखवणं मला कधी जमलंच नाही.

फिरवण्यात चूक होते ती चौघांना एकदम नेण्याची. समोरून मेंढरं आली की चारी दोऱ्या चार दिशांना, आणि मधे आपण. मी दोघादोघांना नेतो, वाघ्याबरोबर काळू आणि मोतीबरोबर राणी. म्हातारा वाघ्या बांधाबांधानं हुंगत चालतो. त्याला हुंगू द्यायचं. कुत्र्याला वास म्हणजे आपल्याला वर्तमानपत्र. मोतीला मात्र पळायला हवं, त्याच्यासाठी कुंपणाचं मोकळं रान. हमरस्ता जवळ असल्यानं मोकळं सोडून फिरवणं आम्ही बंद केलं. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. म्हणून सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद टेकवून पाहावी. हात सोसत नसेल तर त्याचे पायही सोसत नाहीत. अंधार पडायच्या आत मात्र घरात, आणि उभ्या उसाच्या कडेनं तर नाहीच.

शेरू गेल्यावर त्या धनगरनानांनी मला खिळ्यांचा लोखंडी पट्टा आणून दिला. बिबट्या नरडं धरतो, म्हणून मेंढरांमागच्या कुत्र्यांच्या गळ्यात असा पट्टा पूर्वीपासून घालतात. तसेच पट्टे 2025 मध्ये पिंपरखेडच्या माणसांना गळ्यात घालून शेतात जावं लागलं, तेव्हा वर्तमानपत्रातला तो फोटो पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्या घरी तो पट्टा चालला नाही. चौघं एकमेकांच्या अंगावर लोळतात. पहिल्याच दिवशी राणीच्या खांद्याला खिळा लागला. पट्टा खुंटीला गेला आणि त्या पैशापाण्याच्या ओढाताणीत मी गोठ्याशेजारच्या खोलीला पत्र्याचं दार बसवून घेतलं. खिडकीला जाळी, खाली पोती, पाण्याचं टोपलं. साखळी नाही.

रात्री आठला चौघं आत जातात. नाव घेऊन एकेकाला आत सोडायचं आणि मोजायचं. तिघं पोत्यांवर पसरतात. वाघ्या दाराला पाठ लावून उंबऱ्याशीच झोपतो, त्यामुळं पहाटे दार उघडताना आधी त्याला हाक मारावी लागते.