काचेच्या पेटीतली बाग

पाण्यात झाडे वाढवणे म्हणजे मासे पाळण्याची पुरवणी, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो स्वतंत्र छंद आहे, आणि त्याला पैशापेक्षा सबुरी अधिक लागते.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई होते. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, काचेच्या पेटीत, त्यांनी क्रिप्टोकोरीनची सहा झाडे लावली होती. नाव परदेशी वाटले, तरी या कुळातल्या काही जाती आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या ओढ्यानद्यांतल्याच.

वडील गेले आणि 2023 साली वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. पेटीही आणली. आठवडाभरात एकूण एक पान पाघळून गेले. आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं." शेजाऱ्यांनी सल्ला दिला, सगळे उपटा आणि नवे लावा.

उपटले नाही. पाणी, उजेड किंवा जागा बदलली की जुनी पाने टाकून देणे हा या झाडाचा स्वभावच आहे. वाळूतला गड्डा बहुधा जिवंत असतो. दुकानातून आणलेल्या रोपाचेही तेच. रोपवाटिकेत त्याची पाने पुष्कळदा पाण्याबाहेर वाढलेली असतात, ती पाण्यात टिकत नाहीत. कुजलेली पाने तेवढी काढावी, गड्ड्याला हात लावू नये.

बाकी पथ्ये थोडी. जाड वाळू धुऊन दोन-तीन इंच पसरावी. मुळे पुरावी, कोंब उघडा ठेवावा. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की त्यातला क्लोरीन उडतो. दिवा आठ तास पुरे. उजेड फार झाला की शेवाळ माजते, म्हणून खिडकीतले थेट ऊनही टाळावे.

शिकवणीस आलेल्या मुलाची जुनी गायकी सुटते आणि नवी अजून गळ्यात बसलेली नसते, तेव्हा आईबाप घाबरतात. हल्ली मी त्यांना ही पेटी दाखवतो.

पाचव्या आठवड्यात पहिला तपकिरी कोंब वर आला. सहापैकी पाच गड्डे फुटले. आता त्यांना पिल्लेही सुटू लागली आहेत. वाड्यातली जुनी बिऱ्हाडे आता गावभर पांगली आहेत. त्यांपैकी कुणाला रोप हवे असल्यास आईने घरी बोलावले आहे.