सतराव्या शतकातील राजकारणी उमराव : लेखांक सातवा – मलिकंबर

गेल्या लेखांकात आपण बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याचे चरित्र पाहिले. लेस्टरशायर परगण्यातील एका सामान्य नाइटाचा हा मुलगा १६१४ साली पहिल्या जेम्स राजाच्या नजरेत भरला आणि १६२३ साली ड्यूक झाला. त्याची सारी दौलत राजाच्या मर्जीवर उभी होती, आणि म्हणूनच १६२६ च्या मे महिन्यात कॉमन्स सभेने त्याच्यावर दोषारोप ठेवले तेव्हा त्याला वाचविण्यासाठी चार्ल्स राजाला पुढच्याच महिन्यात पार्लमेंट विसर्जित करावे लागले. त्याच मे महिन्यात इकडे दख्खनेत सुमारे ऐंशी वर्षांचा एक हबशी वजीर निवर्तला. बकिंगहॅम राजाच्या मर्जीने जगला. मलिकंबराच्या मर्जीने राजे जगले, आणि प्रसंगी मेलेही.

खुलताबादेस जाणारा प्रवासी बहुधा शेख झैनुद्दीनांच्या दर्ग्यातील औरंगजेबाची उघडी कबर पाहतो, समोरच्या बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात निजामुल्मुल्क आसफजाहाला सलाम करतो आणि परत फिरतो. जरजरीजरबक्षांच्या दर्ग्याच्या आसपास उंच चौथऱ्यावर दगडी भिंतींची आणि भारदस्त घुमटाची जी इमारत उभी आहे, तिच्याकडे त्याचे पाऊल क्वचितच वळते. ही मलिकंबराची कबर. जवळच त्याची पत्नी बीबी करिमा हिची लहान कबर आहे. ज्या मोगलाईशी हा पुरुष पाव शतक झुंजला, तिचा सर्वांत हट्टी बादशहा एक्याऐंशी वर्षांनी त्याच गावच्या मातीत आणून ठेवला गेला, ही गोष्ट दोघांनाही फारशी रुचली नसती.

मलिकंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात झाला. मूळ नाव चापू. पोरवयातच गुलाम म्हणून विकला जाऊन तो अरबस्तान आणि बगदाद अशा बाजारांतून फिरला; मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम, म्हणजे पुढे आपण काय होऊ शकतो याचा नमुना अंबराला धन्याच्याच दिवाणखान्यात पाहावयास मिळाला. चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. काही काळ विजापूरकरांची चाकरी करून, ‘मलिक’ हा किताब मिळवून तो पुन्हा नगरच्या मुलखात आला.

१६०० साली चांदबिबीचा घात झाला, नगरचा किल्ला अकबराच्या हाती पडला, आणि निजामशाही संपली असे आग्र्यात सर्वांना वाटले. मलिकंबराने निजामशाही घराण्यातील एक तरुण हुडकून काढला, परांड्यास त्याला दुसरा मूर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा १६०७ च्या सुमारास निकाल लावल्यावर सारा कारभार त्याच्या मुठीत आला. १६१० साली सासरा-जावयांत वितुष्ट आले. १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत येऊन गेलेला डच व्यापारी फान डेन ब्रूक याने नोंदविले आहे की, सवतींच्या भांडणाचे निमित्त होऊन अंबराने मूर्तझाला विष देवविले. त्यानंतर एका अल्पवयी शहाला गादी मिळाली. इतकी सत्ता हाती असता तो स्वतःच तख्तावर का बसला नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. माझ्या मते याचे उत्तर त्याच्या विनयात शोधू नये. वतनदारांच्या सनदांवर आणि विजापूर-गोवळकोंड्याच्या तहनाम्यांवर निजामशहाचेच नाव चालत होते. मोल देऊन विकत घेतलेल्या हबशाचा शिक्का कोणी मानला नसता, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

मोगलांशी लढताना त्याने बारगीर स्वारांना पुढे केले. रसद तोडणे, रात्री छापा घालणे, मोठी फौज अंगावर आली की डोंगरात पांगणे ही त्याची रीत होती, आणि तिच्यात भोसले, जाधव यांसारखी मराठा घराणी तयार झाली. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत तो हरला, मोगलांच्या शहानवाजखानाने त्याचे खडकी (पुढचे औरंगाबाद) हे गाव जाळून टाकले, आणि तरीही तो हाती लागला नाही. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्यांवाचून उल्लेखीत नाही. अबुल हसन या चितेऱ्याकडून बादशहाने एक चित्र करवून घेतले: भाल्यावर अंबराचे तुटलेले मुंडके, त्यावर बसलेले घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारणारा जहांगीर. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. चित्रातले मुंडके प्रत्यक्षात शेवटपर्यंत धडावरच राहिले. त्याच १६१६ साली इंग्लंडचा वकील सर टॉमस रो अजमेरच्या दरबारात दाखल झाला होता, आणि वर्षअखेर शहाजादा खुर्रम दख्खनच्या स्वारीवर निघाला तो याच काळ्या वजिराचा बंदोबस्त करण्यासाठी.

लढाया बखरींत येतात, पण महाराष्ट्राच्या खेड्यांत अंबराचे नाव टिकले ते मलिकंबरी धाऱ्यामुळे. मुलूख उजाड झालेला, वसुलाचा मक्ता ज्याने घेतला तो रयतेला पिळून घेणारा. अंबराने ही मक्तेदारी मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून आकार ठरविला, आणि पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे यांच्या वतनांस बळकटी देऊन वसुलाची जबाबदारी गावावर टाकली. आरंभी सरकारचा वाटा उत्पन्नाच्या दोन-पंचमांश धान्यात होता. पुढे तो रोखीत बांधून दिला, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश पडे असे सांगतात. शिपायाचा पगार यातूनच निघत होता. अकबराच्या दरबारात तोडरमल्लाने जे केले, ते इथे फौजेच्या धामधुमीत, आज आपला तर उद्या मोगलांचा अशा परगण्यांत करावे लागले, आणि म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

जळालेली खडकी त्याने पुन्हा वसविली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालील खापरी नळांतून गावात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. (पाणचक्कीही त्याच्याच नावावर खपविली जाते, पण ती आसफजाही काळातली आहे.) भडकल दरवाजा त्याचा. गावाचे नाव मात्र आधी त्याच्या मुलाने फत्तेनगर केले आणि मग औरंगजेबाने औरंगाबाद.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. नगरजवळच्या भातवडीस अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळात चिखल माजविला, रात्री छापे घातले, आणि विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. निजामशाहीच्या बाजूने लढताना शहाजी राजांचे बंधू शरीफजी तेथे पडले. पण विजयानंतर शहाजींचे अंबराशी पटले नाही आणि ते विजापुरास गेले. अंबराच्या मागे त्याचा मुलगा फत्तेखान वजीर झाला. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केली आणि अल्पवयी निजामशहा कैद झाला. त्यावर शहाजी राजांनी निजामशाही वंशातील आणखी एक मूल शोधले, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. ती हकिकत पुढील लेखांकी.